खंड 30 नेमका कुठला? नाव बदललेल्या नियतकालिकाचा संदर्भ देताना : एक प्रकरण अभ्यास

एका मराठी प्रबंधाच्या संदर्भसूचीत ही नोंद होती : 'कोसंबी, दा. ध., "धेनुकाकट", जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉल, खंड 30.' लेखक बरोबर, लेखाचं नाव बरोबर, खंडाचा आकडाही बरोबर. तरीही ही नोंद हातात घेऊन ग्रंथालयात गेलेल्या माणसाला तो लेख सापडणं शक्य नाही. बंगालच्या त्या नियतकालिकाचा पहिला खंड 1832 चा, म्हणजे तिसावा खंड येतो 1861 चा. कोसंबींचा जन्म 1907 चा.

लेख आला होता मुंबईच्या 'जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे'मध्ये. बॉम्बेचं बेंगॉल कसं झालं हे शोधायला गेलो, तेव्हा एकाच सूचीत, एकाच नियतकालिकाभोवती चार वेगवेगळ्या प्रकारच्या चुका निघाल्या. चारही चुकांचं मूळ एकच. नियतकालिकाने वेळोवेळी नाव बदललं होतं, आणि संदर्भ देणाऱ्याने त्या बदलाकडे लक्ष दिलं नव्हतं. इतिहास, पुरातत्त्व आणि समाजशास्त्र या विषयांत मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्या पुष्कळांना ही अडचण येते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

प्रबंध पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या दात्यांवर होता. कार्ले, कान्हेरी, नाशिक, जुन्नर इथल्या शिलालेखांत व्यापारी, कारागीर, भिक्षुणी, यवन अशा अनेकांनी खांब, टाकी, खोल्या दान केल्याच्या नोंदी आहेत. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट या गावच्या दात्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे कोसंबींच्या लेखाशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. संशोधक मुलीचं वाचन पक्कं होतं. तिने लेख स्वतः वाचलेले होते, टिपणं नीट काढलेली होती. प्रबंध सादर करण्याआधी सूची तपासायला माझ्याकडे आली, कारण मी हेच काम करते.

सूचीत काय काय होतं

भगवानलाल इंद्रजींचा सोपाऱ्याच्या स्तूपावरचा लेख 'जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई, खंड 15, 1882' असा दिला होता. भाऊ दाजी लाडांचा अजिंठ्याच्या शिलालेखांवरचा लेख 'जर्नल ऑफ द मुंबई ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी, खंड 7' असा. विल्यम अर्स्किनचा घारापुरीवरचा लेख त्याच 'मुंबई ब्रँच'च्या खंड 1 मध्ये दाखवला होता. कोसंबींचा ब्राह्मण गोत्रांच्या उगमावरचा लेख 'खंड 26' एवढ्यावरच थांबला होता. आणि 'धेनुकाकट' गेलं होतं बंगालला. शिवाय ब्राह्मी लिपीच्या उकलीसाठी जेम्स प्रिन्सेपचे 1837 आणि 1838 चे लेख होते. ते मात्र खरोखरच बंगालच्या जर्नलमधले, खंड 6 आणि 7, आणि अगदी अचूक दिलेले.

प्रिन्सेपच्या या अचूक नोंदींतूनच घोटाळा सुरू झाला. तिने टिपणांत सगळीकडे 'जेएएसबी' हे लघुरूप वापरलं होतं. इंग्रजी आद्याक्षरांनी बॉम्बे आणि बेंगॉल दोन्ही 'बी'च होतात. सूची पक्की करताना लघुरूपं उलगडायची वेळ आली, तेव्हा आधी प्रिन्सेप उलगडला आणि मग तेच नाव पुढच्या प्रत्येक 'जेएएसबी'ला लागलं. पुढे संगणकावर 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' असा सरसकट बदल झाला. विभागाच्या सूचनापत्रात शहरांची नावं आजच्या रूपात लिहावीत असं म्हटलं होतं. ते सूचनापत्र मजकुरासाठी होतं, पण शोध-आणि-बदल या आज्ञेला मजकूर कुठे संपतो आणि ग्रंथनाम कुठे सुरू होतं हे कळत नाही.

एका संस्थेची नावं

या टप्प्यावर मी सूची बाजूला ठेवली आणि आधी संस्थेचा कालपट मांडला. अशा प्रकरणात पहिलं काम हेच. एकेक नोंद सुटी दुरुस्त करत गेलं की तीच चूक दुसऱ्या पानावर पुन्हा येते.

26 नोव्हेंबर 1804 रोजी सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे'ची स्थापना झाली. तिने 1819 ते 1823 या काळात 'ट्रान्झॅक्शन्स ऑफ द लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' या नावाने तीन खंड काढले. पुढे 1830 च्या सुमारास ही संस्था लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीशी जोडली गेली आणि तिची मुंबई शाखा झाली. 1841 पासून 'जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी' सुरू झालं. पहिला खंड 1841 ते 1844 असा तीन वर्षांचा. या मालिकेचे 26 खंड निघाले, शेवटचा 1921 ते 1923 चा. 1925 मध्ये त्याच नावाने नवी मालिका सुरू झाली आणि खंडांचे आकडे पुन्हा एकपासून लागले. 1954-55 मध्ये लंडनशी असलेला संबंध संपला, संस्था 'एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे' झाली आणि नियतकालिकाचं नावही त्याप्रमाणे बदललं. या वेळी आकडे मात्र पुन्हा एकपासून लागले नाहीत. नवी मालिकाच पुढे चालू राहिली, म्हणून नव्या नावाखालचा कोसंबींचा लेख खंड 30 मध्ये येतो. 2002 मध्ये संस्थेने 'एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई' हे नाव घेतलं.

म्हणजे 1925 मध्ये नाव तेच राहिलं पण आकडे बदलले. 1955 मध्ये नाव बदललं पण आकडे तेच चालू राहिले. संदर्भ देणाऱ्याची जास्तीत जास्त फसगत व्हावी अशीच ही रचना आहे. नावावर विश्वास ठेवला तर मालिका चुकते, आकड्यावर विश्वास ठेवला तर नाव चुकतं.

कोसंबींच्या गोत्रांवरच्या लेखाचंच बघा. 'बॉम्बे ब्रँच, खंड 26' एवढंच लिहिलं तर दोन खंड समोर येतात : जुन्या मालिकेचा शेवटचा, 1921-23 चा, आणि नव्या मालिकेचा 1950 चा. लेख 1950 च्या खंडात, पृष्ठ 21 ते 80 वर आहे. कोसंबींचाच जातिव्यवस्थेच्या सुरुवातीच्या टप्प्यांवरचा लेख 1946 च्या खंड 22 मध्ये आहे, आणि जुन्या मालिकेतही खंड 22 आहेच. 'नवी मालिका' हे दोन शब्द आणि वर्ष, एवढ्यावर हा गोंधळ मिटतो. तिने टिपणांत वर्ष लिहून ठेवलं होतं, म्हणून आम्हाला पुन्हा शोधाशोध करावी लागली नाही. वर्ष नसतं तर दोन्ही खंड काढून बघणं भाग होतं.

अर्स्किनच्या नोंदीत वेगळीच गफलत होती. संस्था एकच आहे असं वाचल्यामुळे तिने 'ट्रान्झॅक्शन्स' आणि 'जर्नल' ही एकाच प्रकाशनाची दोन नावं धरली. संस्था एकच, हे खरं. पण ही दोन वेगळी प्रकाशनं आहेत. एक 1823 ला थांबलं, दुसरं 1841 ला नव्याने सुरू झालं. नाव बदलणं आणि एक बंद पडून दुसरं सुरू होणं यांत फरक करावाच लागतो. अर्स्किनचा लेख 1819 च्या 'ट्रान्झॅक्शन्स'च्या खंड 1 मध्ये आहे. 1841 नंतरच्या 'जर्नल'चा खंड 1 उघडून बसणाऱ्याला घारापुरीचं ते वर्णन तिथे मिळणार नाही. असंच 'इंडियन अँटिक्वेरी' आणि 'न्यू इंडियन अँटिक्वेरी' यांचंही होतं. पहिलं जेम्स बर्जेसने 1872 मध्ये मुंबईत सुरू केलं, दुसरं 1938 मध्ये वेगळ्या संपादकांनी. दुसऱ्याच्या नावात पहिल्याचं स्मरण आहे, पण ते पहिल्याचं बदललेलं नाव नव्हे.

मार्गदर्शकांचा आक्षेप

मी सुचवलं की प्रत्येक लेखाला तो छापला गेला त्या वेळचं नाव द्यावं. मार्गदर्शक सरांना ते पटेना. त्यांचं म्हणणं असं : एकाच नियतकालिकाची सूचीत चार नावं दिसली तर परीक्षकाला वाटेल की ही चार नियतकालिकं आहेत, किंवा मुलीला एकसारखं लिहिता येत नाही. आज संस्थेचं नाव 'मुंबई' आहे, ते सगळीकडे लावलं तर वाचकाची सोय होते. शिवाय ऑनलाइन सूचीत शोधलं की आजचंच नाव वर येतं.

आक्षेप विचार करण्याजोगा होता. ग्रंथालयशास्त्रातही हा वाद होऊन गेला आहे. एके काळी अनेक ग्रंथालयं नियतकालिकाची संपूर्ण हयात त्याच्या सर्वांत अलीकडच्या नावाखाली नोंदवत. नाव बदललं की जुनं कार्ड काढून नवीन करायचं, आणि जुनी नावं त्यावर टिपेत द्यायची. ग्रंथसूची करण्याच्या 1967 च्या अँग्लो-अमेरिकन नियमांनंतर पद्धत बदलली : प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद, आणि दोन नोंदी एकमेकींना जोडणारा दुवा. आजच्या मार्क नोंदीत, म्हणजे ग्रंथालयांच्या संगणकीय सूचीतल्या नोंदीत, 780 हे क्षेत्र 'आधीचं नाव' सांगतं आणि 785 'पुढचं नाव'. आयएसएसएनचं, म्हणजे नियतकालिकांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचंही तसंच आहे. शीर्षकाच्या पहिल्या पाच शब्दांत बदल झाला, किंवा शीर्षकात आलेल्या संस्थेचं नाव बदलून ती वेगळी संस्था म्हणून नोंदवावी लागली, तर तो मोठा बदल धरला जातो आणि नवा क्रमांक द्यावा लागतो.

सरांना मी हे सगळं सांगितलं, पण त्यांचं मत फिरलं ते भगवानलालांच्या नोंदीमुळे. मी ती मोठ्याने वाचून दाखवली : 'जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई, 1882.' त्या साली अशा नावाची संस्थाच नव्हती, ते नाव यायला अजून 120 वर्षं होती. सर इतिहासाचे प्राध्यापक. एखाद्या ताम्रपटात दात्याच्या नंतरच्या राजाचं नाव आलं तर तो ताम्रपट बनावट ठरवायला ते क्षणभरही थांबणार नाहीत. ते म्हणाले, "नाही, नाही, हे चालणार नाही. छापलंय तेच नाव द्या."

त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे वाचकाच्या सोयीला, मात्र उत्तर द्यायलाच हवं होतं. ते आम्ही सूचीच्या सुरुवातीला एका टिपेने दिलं. टिपेत चारही नावं, प्रत्येक नावाची वर्षं, आणि 1925 ची नवी मालिका एवढंच. ज्याला आजच्या नावाने शोधायचं आहे त्याला दुवा मिळतो, आणि नोंदी खऱ्या राहतात. प्रत्येक नोंदीपुढे कंसात 'सध्याचं नाव अमुक' असं लिहिण्याचा एक पर्याय होता. दोन-तीनच नोंदी असतील तर तो चांगला. पंधरा-वीस असतील तर सूची वाचवत नाही.

सरांनी मध्येच 'ईपीडब्ल्यू'चं, म्हणजे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चं काय करायचं असंही विचारलं होतं. ते उदाहरण सोपं आहे, पण तिथेही चूक वारंवार होते. सचिन चौधुरींनी 1949 मध्ये मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' सुरू केलं. ते 1965 च्या अखेरीस थांबलं, आणि ऑगस्ट 1966 मध्ये त्यांच्याच संपादनाखाली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' निघालं. खंडांचे आकडे पुन्हा एकपासून. एम. एन. श्रीनिवासांचा म्हैसूरच्या खेड्यावरचा 1951 चा लेख 'इकॉनॉमिक वीकली'त आला. तो 'ईपीडब्ल्यू'च्या नावावर टाकला की पंधरा वर्षांचा घोळ होतो. वाचनाच्या ओघात आपण सगळेच 'ईपीडब्ल्यूतला लेख' म्हणतो, कारण वारसा एकच आहे. बोलण्यात ते ठीक, सूचीत नाही.

खंड हातात घेऊन

कागदावरचा हिशेब बरोबर जुळला तरी शेवटची खात्री शीर्षकपानावर होते. जुने खंड बांधणीला जातात तेव्हा अंकांची मुखपृष्ठं बऱ्याचदा काढून टाकली जातात आणि पाठीवर बाइंडर जेमतेम मावेल तेवढंच छापतो : आद्याक्षरं आणि आकडा. कपाटातल्या खंडाच्या पाठीवर 'जेएएसबी 30' एवढंच असेल, तर ते बंगालचं की बॉम्बेचं हे आत शीर्षकपान उघडल्याशिवाय कळत नाही. स्कॅन केलेल्या प्रतींत तर संपूर्ण मालिका एकाच नावाखाली टाकलेली असते. कोणीतरी वरचं नाव भरलं की त्या नावाखाली 1841 पासूनचं सगळं दिसू लागतं. झोटेरोसारखी संदर्भ साठवणारी संगणकीय साधनं तीच नोंद उचलतात. साधनाचा दोष नाही, त्याला दिलं तेच ते घेतं. पण उचललेल्या नोंदीतलं नियतकालिकाचं नाव आणि पीडीएफच्या शीर्षकपानावरचं नाव शेजारी ठेवून बघायला मिनिटही लागत नाही.

तिला मी एवढंच सांगितलं : प्रत्येक नोंदीसाठी शीर्षकपानाचा फोटो काढ आणि लेखाच्या पीडीएफच्या शेजारी ठेव. मुंबईची एशियाटिक सोसायटी आजही टाउन हॉलच्या इमारतीत आहे, आणि तिच्या 'ग्रंथ संजीवनी' या डिजिटल संग्रहामुळे पुष्कळसं घरबसल्या बघता येतं. फोटो बघितल्यावर भाऊ दाजींच्या नोंदीतली 'मुंबई ब्रँच' आपोआप 'बॉम्बे ब्रँच' झाली.

इथे मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. मराठीत हे शहर नेहमीच मुंबई होतं. प्रबंधाच्या मजकुरात 'मुंबईची एशियाटिक सोसायटी', 'रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा' असं लिहिणं पूर्णपणे योग्य आहे, 1841 बद्दल लिहितानासुद्धा. पण सूचीत नियतकालिकाचं इंग्रजी शीर्षक देवनागरीत लिहितो तेव्हा ते विशेषनाम असतं. तिथे 'बॉम्बे' बदलायचं नाही आणि शीर्षकाचं भाषांतरही करायचं नाही. 'एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे नियतकालिक, खंड 7' अशा नोंदी मी मराठी पुस्तकांत पाहिल्या आहेत. त्या वाचून कुठल्याही ग्रंथालयात खंड मागता येत नाही, आणि मराठी वाचकाने मूळ लेखापर्यंत जाऊच नये असा त्याचा परिणाम होतो. मला हे फार लागतं. भगवानलाल, भाऊ दाजी, कोसंबी यांनी आपल्या डोंगरांतल्या लेखांवर जे लिहिलं, तिथवर मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना सरळ जाता आलं पाहिजे.

पक्क्या झालेल्या नोंदी

शेवटी नोंदी अशा झाल्या. अर्स्किन : 'ट्रान्झॅक्शन्स ऑफ द लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे, खंड 1, 1819.' भाऊ दाजी आणि भगवानलाल : 'जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी', अनुक्रमे खंड 7 आणि खंड 15, वर्षांसह. गोत्रांवरचा कोसंबी : तेच नाव, 'नवी मालिका, खंड 26, 1950, पृ. 21-80.' 'धेनुकाकट' : 'जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे, खंड 30.' प्रिन्सेप होता तिथेच राहिला. कोसंबींच्या दोन लेखांना दोन वेगळी नावं दिसतात, आणि तेच बरोबर आहे, कारण मधल्या काळात नाव बदललं.

लघुरूपांचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. 'जेएएसबी' मी पूर्ण काढून टाकायला सांगितलं. ते फक्त बॉम्बे-बेंगॉलपुरतं असतं तर एखादं अक्षर वाढवून भागलं असतं. पण लेण्यांच्या परिसरातल्या आजच्या उपासनेवरच्या प्रकरणात आणखी एक 'जेएएसबी' निघालं. 1886 मध्ये मुंबईत अँथ्रोपोलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली होती, जीवनजी जमशेदजी मोदी यांचं बरंच लेखन तिच्या जर्नलमध्ये आहे, आणि त्या जर्नलची आद्याक्षरंही हीच. सोसायटी तिसरी, शहर तेच, अक्षरं तीच. प्रबंधाच्या लघुरूपांच्या पानावर आता 'बंगाल जर्नल', 'बॉम्बे ब्रँच', 'बॉम्बे एशियाटिक' आणि 'बॉम्बे अँथ्रो.' अशी चार नावं आहेत. प्रत्येकासमोर पूर्ण शीर्षक आणि वर्षं आहेत, आणि तळटिपांत हीच चार वापरली आहेत.

विभागाच्या सूचनापत्रातलं ते वाक्यही सरांनी नंतर बदलून घेतलं. शहरांची नावं आजच्या रूपात लिहावीत याच्यापुढे आता जोडलं आहे : 'ग्रंथ, नियतकालिके व संस्था यांची नावे प्रकाशनाच्या वेळी छापली गेली तशीच द्यावीत.'